‘रेंट’ला प्रत्येक ठिकाणी ‘भाडे’ म्हणावे का?

गिरगावची अनुवादिका (प्रश्न)

नमस्कार.

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचा करारनामा इंग्रजीत आला आहे. सह्या होण्यापूर्वी तो सर्व रहिवाशांना मराठीतून वाचता यावा असे समितीने ठरवले आणि भाषांतराचे काम माझ्याकडे सोपवले. मी एरवी औषधांच्या माहितीपत्रकांचे भाषांतर करते; कायद्याचा मजकूर पहिल्यांदाच हाती घेतला आहे, म्हणून येथील जाणकारांना विचारत आहे.

या करारात ‘रेंट’ हा शब्द चार निरनिराळ्या संदर्भांत येतो. रहिवासी आज मालकाला दरमहा जे देतात ते ‘रेंट’. बांधकाम चालू असताना बाहेर राहण्यासाठी विकासक रहिवाशांना जे देणार ते ‘ट्रान्झिट रेंट’. चाळीखालची जमीन मालकाकडे महानगरपालिकेच्या पट्ट्याने आहे, तिच्यासाठी वर्षाला भरायचे ते ‘ग्राउंड रेंट’. आणि नवे घर ताब्यात आल्यावर ज्यांना ते लिव्ह अँड लायसन्सवर द्यायचे असेल, त्यांच्यासाठीच्या कलमातही मसुदाकाराने ‘रेंट’च लिहिले आहे.

पहिल्या खर्ड्यात मी चारही ठिकाणी ‘भाडे’ लिहिले. एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द ठेवावा, ही माझ्या नेहमीच्या कामातली शिस्त आहे. गेल्या रविवारी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सतरंज्या अंथरून आम्ही तो खर्डा मोठ्याने वाचला. ‘बांधकामाच्या कालावधीत दरमहा भाडे अदा करण्यात येईल’ या वाक्यापाशी चौदा नंबरच्या काकूंनी मला थांबवले. त्यांच्याकडे सासऱ्यांच्या काळापासूनच्या भाडेपावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, वर्षावर्षाचा गठ्ठा सुतळीने बांधलेला. महिन्याचे ९४ रुपये भरल्याची पावती हातात पडल्याशिवाय त्या मालकाच्या मेहताजींना जिना उतरू देत नाहीत. त्यांनी विचारले, “अगं, म्हणजे चाळ पाडल्यावरसुद्धा भाडं आम्हीच भरायचं? आणि ते मालकाला, का बिल्डरला?”

वाक्य माझे होते आणि त्यातून तसा अर्थ खरोखरच निघत होता. ज्या माणसाने आयुष्यभर भाडे भरले आहे, त्याला ‘भाडे अदा करणे’ म्हणजे आपणच भरणे असे वाटले तर चूक त्याची नव्हे. तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे की, या चार गोष्टींना मराठीत चार निराळे शब्द द्यावेत का, आणि द्यायचे तर कोणते? शब्दसातत्य सोडले तर उद्या कोणी ‘भाषांतर मुळाला धरून नाही’ असे म्हणेल, ही धास्तीही आहे.

दस्तलेखक, दादर

ताई, आपल्या काकूंनी विचारलेला प्रश्न वकिलाने विचारावा असा आहे. मी गेली तेवीस वर्षे भाडेकरारांचे आणि बक्षीसपत्रांचे दस्त लिहीत आहे. माझ्या अनुभवानुसार सांगतो.

प्रथम कायद्यातले ‘रेंट’ पाहू. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम १०५ भाडेपट्ट्याची व्याख्या करते. त्यात आरंभी एकदाच द्यायच्या किमतीला ‘प्रीमियम’ म्हटले आहे आणि ठरावीक काळाने द्यायच्या गोष्टीला ‘रेंट’. ही दुसरी गोष्ट पैसाच असली पाहिजे असे नाही. पिकाचा वाटा, सेवा किंवा अन्य कोणतीही मूल्यवान वस्तू चालते. म्हणजे कायद्यातले ‘रेंट’ आपल्या ‘भाडे’ या शब्दापेक्षा बरेच रुंद आहे. सेवा करून किंवा भाताचा वाटा घालून आपण घराचे ‘भाडे’ दिले असे मराठीत कोणी म्हणणार नाही.

कलमातला तो ‘प्रीमियम’ म्हणजे मुंबईची पागडी. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने अशी रक्कम घेण्यास मनाई केली होती, तरी व्यवहार चालूच राहिला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५६ ने तिला मान्यता दिली. आपल्या करारात पागडीचा उल्लेख असेल तर तिचे भाषांतर ‘अनामत’ असे मुळीच करू नये. अनामत परत मिळते. पागडी मालकाकडून परत मिळत नाही, ती भाडेकरूच्या हक्काची किंमत असते. या एका शब्दाच्या गफलतीतून भावाभावांत वाद झालेले मी पाहिले आहेत.

काकूंचे ९४ रुपये हे निःसंशय ‘भाडे’. जुन्या कायद्याने बऱ्याचशा इमारतींचे भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले होते. त्याला ‘प्रमाण भाडे’ म्हणतात. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मूळ आकडाच लहान असल्यामुळे ती वाढही लहानच राहिली. ही रक्कम भरल्याची पावती हाच काकूंच्या हक्काचा पुरावा आहे, म्हणून त्या डब्याचे महत्त्व त्यांना जितके कळते तितके आपल्या समितीलाही कळले पाहिजे.

लिव्ह अँड लायसन्सचे कलम मात्र वेगळ्या जातीचे आहे. भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो. लायसन्सने होत नाही, त्याने केवळ जागा वापरण्याची परवानगी मिळते. लायसन्सची व्याख्याही दुसऱ्या कायद्यात आहे, १८८२ च्याच भारतीय सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये. १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचे लायसन्स चालू होते आणि जागा ज्यांच्या ताब्यात होती, त्यांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले. त्या धक्क्यानंतर मुंबईतले मालक शब्दांच्या बाबतीत फार सावध झाले. म्हणून येथल्या लायसन्सच्या दस्तांत आपल्याला ‘रेंट’ क्वचित दिसेल. ‘लायसन्स फी’ किंवा ‘काँपेन्सेशन’ दिसेल. मी मराठी दस्तात ‘मासिक मोबदला’ लिहितो आणि जागा घेणाऱ्याला ‘भाडेकरू’ न म्हणता ‘लायसन्सधारक’ म्हणतो. नुसत्या शब्दाने नाते बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालीच सांगितले आहे. न्यायालय दस्ताचे सार पाहते. तरीही चुकीचा शब्द लिहून वादाला जागा का द्यावी? आपल्या मसुदाकाराने तेथे ‘रेंट’ लिहिले असेल तर ती त्याची ढिलाई आहे आणि समितीने ती त्याच्या नजरेस आणून द्यावी.

आता ‘ट्रान्झिट रेंट’. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता की, विकासक रहिवाशाला जी रक्कम देतो तिच्यातून ‘रेंट’ म्हणून करकपात करावी का. न्यायालयाने म्हटले की, सामान्य अर्थाने ‘रेंट’ म्हणजे भाडेकरू किंवा लायसन्सधारक मालकाला देतो ती रक्कम. ‘ट्रान्झिट रेंट’ नावाने दिली जाणारी रक्कम घराबाहेर पडावे लागल्याच्या त्रासापोटी दिलेला भत्ता आहे, म्हणून ती कपात लागू होत नाही. म्हणजे नावात ‘रेंट’ असूनही ते भाडे नव्हे. काकू जे गॅलरीत बसून म्हणाल्या, ते याहून फार वेगळे नाही. माझे मत, तेथे ‘विस्थापन भत्ता’ लिहावे.

दापोलीकर, सध्या बोरिवली

दस्तलेखकांनी पिकाच्या वाट्याचा उल्लेख केला, म्हणून लिहितो. त्या वाट्याला मराठीत स्वतःचा शब्द आहे, ‘खंड’. माझे आजोबा खोताचे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचे, कूळ होते; त्याच्याकडची जमीन कसत. घरात बोलताना ‘खंड घातला’, ‘खंड थकला’, ‘खंड माफ झाला’ असेच शब्द कानावर पडले. शेताचे ‘भाडे’ कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. घर वापरावे आणि भाडे द्यावे, शेत कसावे आणि खंड द्यावा. भाडे महिना भरला की द्यायचे असते, खंड पीक घरात आले की. वर्ष बुडाले तर घरमालकाला त्याचे सोयरसुतक नसते, पण बुडालेल्या वर्षी खंड कसा द्यायचा हा कुळाच्या जिवाचा प्रश्न असे.

अलिबागजवळ चरी येथे १९३३ पासून शेतकऱ्यांचा जो संप चालला, नारायण नागू पाटील ज्याचे पुढारी होते, तो याच खंडाच्या जाचातून उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. १९४८ च्या कूळ कायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवसापासून कूळ जमिनीचा मालक मानला गेला. इंग्रजी पुस्तकांत हा सारा इतिहास ‘रेंट’ आणि ‘टेनंट’ या दोन शब्दांत येतो, आणि हल्ली काही भाषांतरांत कुळाला ‘शेतीचा भाडेकरू’ म्हटलेले वाचतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. भाडेकरू घर बदलतो. कूळ पिढ्यान्‌पिढ्या त्याच बांधावर राबत असे.

आपल्या ‘ग्राउंड रेंट’ला मात्र ‘खंड’ म्हणू नये, कारण तेथे पीक नाही. ‘भुईभाडे’ हा नेमका जुना शब्द आहे, तो वापरावा.

शिक्षिका, मुलुंड

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. दापोलीकरांचे म्हणणे आमच्या विषयातही खरे आहे. उत्पादनाच्या चार घटकांचे मोबदले शिकवताना आम्ही भूमीला खंड, श्रमाला वेतन, भांडवलाला व्याज आणि संयोजकाला नफा असे सांगतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोने १८१७ साली मांडलेला सिद्धांत मराठीत ‘खंड सिद्धांत’ म्हणूनच शिकवला जातो. मुंबईची मुले दरवर्षी विचारतात की, ‘रेंट’ म्हणजे भाडे असताना पुस्तकात ‘खंड’ का? मी त्यांना सांगते की, भाडे म्हणजे दुसऱ्याची वस्तू वापरल्याबद्दल ठरवून दिलेली रक्कम. तिच्यात इमारतीवर घातलेल्या पैशाचे व्याज असते, रंगरंगोटी आणि डागडुजीचा खर्च असतो. रिकार्डोचा ‘रेंट’ केवळ जमिनीच्या मूळ आणि अविनाशी शक्तींबद्दल आहे. सुपीक जमीन नापीक जमिनीपेक्षा जे अधिक देते ते. ‘भाडे’ म्हटले असते तर मुलांनी दोन्हींची सरमिसळ केली असती. इंग्रजी विद्यार्थ्याला जो भेद शिक्षकाने समजावून द्यावा लागतो, तो आपल्याकडे शब्दातच आहे.

दुसरी गोष्ट, क्रियापदाची. इंग्रजीत ‘टू रेंट’ म्हटले की घर देणारा कोण आणि घेणारा कोण हे वाक्यातल्या इतर शब्दांवरून ओळखावे लागते. मराठीत ‘भाड्याने देणे’ आणि ‘भाड्याने घेणे’ असे दिशा सांगितल्याशिवाय बोलताच येत नाही. आपल्या वाक्यातला घोटाळा ‘भाडे’ या शब्दाने जितका झाला, तितकाच ‘अदा करण्यात येईल’ या कर्ता लपवणाऱ्या रचनेने झाला, असे मला वाटते. ‘विकासक रहिवाशाला देईल’ एवढे लिहिले असते तर काकूंनी निदान तो प्रश्न विचारला नसता.

उलट काही ठिकाणी मराठी शब्द रुंद आणि इंग्रजी अरुंद आहे, हेही सांगायला हवे. टॅक्सीचे भाडे, होडीचे भाडे, मांडवाच्या खुर्च्यांचे भाडे, एसटीची भाडेवाढ या सर्वांना आपण एकच शब्द वापरतो. इंग्रजीत प्रवासाचे ‘फेअर’, मालाचे ‘फ्रेट’, वस्तूंचे ‘हायर’ आणि घराचे ‘रेंट’. आमच्या शेजारचे टॅक्सीवाले काका तर ‘सकाळपासून तीनच भाडी मिळाली’ असे म्हणतात, तेव्हा भाडे म्हणजे गिऱ्हाईक. ‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’वरून आला आणि वापराच्या मोलाचा अर्थ त्याने प्रथमपासून बाळगला आहे, ‘रेंट’च्या मुळाशी ‘परत देणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. ज्याची जमीन त्याला त्याचे देणे परत करावे, ही कल्पना तेथे आहे.

मुंबईकरांसाठी एक जोड देते. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंडांच्या ‘रेंट’वर दिले. हे ‘भाडे’ म्हणावे का? माझ्या मते नाही. ते सत्ता मान्य केल्याची खूण म्हणून द्यायचे नाममात्र देणे होते. आणि फोरास रोडच्या नावातला ‘फोरास’ हा अशाच जमीनदेण्याच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे, म्हणजे या शहरात ‘रेंट’ रस्त्याच्या पाटीवरही लिहिलेले होते.

लालबागकर

दस्तलेखकसाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून ‘विस्थापन भत्ता’ या शब्दाला विरोध नोंदवतो.

आम्ही यातून गेलो आहोत. आमची चाळ पाडल्यावर आम्ही परळला दोन खोल्या घेतल्या. पहिले चौदा महिने विकासकाचे धनादेश वेळेवर आले, मग तीन महिन्यांनी एक येऊ लागला, मग बंद झाले. आम्ही ज्यांच्या खोल्यांत राहत होतो, त्या बाईंना आमच्या कराराशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना पाच तारखेला भाडे हवे असे आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून ते भरले.

त्या काळात विकासकाच्या माणसाशी बोलताना मला ‘भाडे’ या शब्दाची ताकद कळली. ‘आमचे भाडे थकले आहे’ असे म्हटले की समोरच्याला ते देणे आहे हे कबूल करावे लागते. भाडे थकते, तुंबते, त्याची बाकी निघते, त्यासाठी नोटीस जाते. भत्त्याचे तसे नाही. गिरणीत असो की कचेरीत, भत्ता मिळाला तर मिळाला; तो कमी होतो, बंद होतो, पुढच्या वर्षी पाहू म्हणून ठेवून दिला जातो. रहिवाशाच्या कानाला ‘भत्ता’ हा वरून मिळणारा शब्द आहे. न्यायालयाने करकपातीच्या प्रश्नात जे सांगितले ते रहिवाशाच्या भल्याचेच आहे, पण चाळीत वाचायच्या कागदावर तो शब्द आला तर बाहेरच्या घराचे भाडे भरण्याची जबाबदारी कोणाची, हे लोकांच्या मनातून पुसट होईल अशी मला भीती वाटते.

‘भाडे’ शब्द ठेवावा आणि कोण कोणाला देणार हे स्पष्ट लिहावे, एवढेच माझे सांगणे आहे.

दस्तलेखक, दादर

लालबागकरांचे म्हणणे मला पटले. मी कागदाच्या बाजूने विचार केला. त्यांनी भाडे थकलेल्या घराच्या बाजूने केला. दोन्ही साधणारा एक शब्द आपल्या दस्तांत जुनाच आहे, ‘भाड्यापोटी’. ‘कर्जापोटी’, ‘हप्त्यापोटी’ आपण रोज लिहितो. ‘भाड्यापोटी द्यावयाची रक्कम’ म्हटले की ती रक्कम स्वतः भाडे नव्हे, पण कोणत्या तरी घराच्या भाड्यासाठीच आहे, हे दोन्ही कळते. थकली तर ‘भाड्यापोटीची बाकी’ असेही म्हणता येते.

शब्दसातत्याची धास्ती बाळगू नका. भाषांतराच्या आरंभी एक छोटा तक्ता द्या आणि कोणत्या कलमातील ‘रेंट’साठी कोणता मराठी शब्द योजला आहे ते लिहा. मग कोणीही मुळाशी ताडून पाहू शकेल.

गिरगावची अनुवादिका

सर्वांचे मनापासून आभार. ‘भाडे’, ‘भाड्यापोटी द्यावयाची रक्कम’, ‘भुईभाडे’ आणि ‘मासिक मोबदला’ असे चार शब्द ठरवले आहेत. त्या अडलेल्या वाक्याचा नवा खर्डा असा:

‘नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत विकासक प्रत्येक रहिवाशाला, त्याने बाहेर घेतलेल्या घराच्या भाड्यापोटी, दरमहा ठरलेली रक्कम देईल, या काळात रहिवाशाने मालकाला किंवा विकासकाला कोणतेही भाडे द्यावयाचे नाही.’

दस्तलेखक, दादर

पहिला भाग उत्तम. दुसरा भाग मूळ इंग्रजीत आहे का?

गिरगावची अनुवादिका

नाही. आपण विचारल्यावर मी मूळ कलम पुन्हा तपासले. रहिवाशाने या काळात मालकाला भाडे द्यायचे की नाही, याविषयी इंग्रजीत एक अक्षरही नाही. काकूंना पटावे म्हणून मी माझ्या मनाने ते जोडले होते. ते माझ्या अधिकारात बसत नाही, म्हणून खोडले आहे.

दस्तलेखक, दादर

खोडलेत ते योग्य केलेत, पण सोडून देऊ नका. काकूंचा प्रश्न अजून अनुत्तरितच आहे, कारण मुळातच उत्तर नाही. रहिवाशांचा भाडेकरू म्हणून असलेला हक्क ताबा मिळेपर्यंत चालू राहणार असेल, तर त्या काळातले भाडे माफ आहे, की विकासक परस्पर मालकाला देणार आहे, हे कलमात आलेच पाहिजे. अन्यथा उद्या कोणी थकबाकी काढू शकेल. समितीकडून विकासकाच्या वकिलांना लेखी पत्र द्या आणि इंग्रजी मसुद्यातच ते वाक्य घालून घ्या. मग मराठीत आणा.

गिरगावची अनुवादिका

पत्र काल दिले आहे. आज सकाळी काकूंना नवे वाक्य त्यांच्या खोलीत जाऊन वाचून दाखवले. या वेळी कोण कोणाला देणार हे त्यांना पहिल्याच वाचनात कळले. मग त्यांनी डब्यातली वरची पावती काढून तिच्यावरच्या तारखेवर बोट ठेवले आणि म्हणाल्या, “दरमहा म्हणजे कितव्या तारखेला, ते नाही लिहिलंय.” मी मूळ कलम उघडून पाहिले, तारीख तेथेही नव्हती. दुपारी वकिलांना दुसरे पत्र लिहिले.